बाइकपॅकिंगचं सामान घेताय? बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे ते आधी समजून घ्या

सायकलिंग ग्रुपवर कुणी नवीन खरेदीचा फोटो टाकला की खाली ठरलेले प्रश्न येतात. लाइट किती लुमेनचा? पॉवर बँक किती एमएएचची? बॅग वॉटरप्रूफ आहे का? उत्तरात एक आकडा मिळतो, दोन-चार अंगठे पडतात आणि बाकीचे तीच वस्तू मागवून मोकळे होतात. पण ८०० लुमेनचा लाइट रात्री ९ वाजता घाटात चालू असेल का? १०,००० एमएएचमध्ये फोन खरंच दोनदा चार्ज होतो का? याचं उत्तर बॉक्सवर सरळ लिहिलेलं नसतं. ते थोडा हिशोब करून काढावं लागतं आणि हा हिशोब शाळेच्या गणितापलीकडचा नाही.

या लेखात आपण बाइकपॅकिंगच्या मुख्य वस्तू एकेक करून बघू. प्रत्येक वस्तूवरच्या आकड्याचा अर्थ काय आणि रस्त्यावर त्यातलं किती हाती लागतं, हे बघायचं आहे. किमती सतत बदलतात, म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत. उदाहरणासाठी एकच राइड धरू: पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव करत दिवेआगर. एका दिशेला साधारण १६० ते १७० किमी, वाटेत घाट, काही ठिकाणी नेटवर्क गायब, आणि हिवाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार.

थोडक्यात

- आधी लाइट, हेल्मेट आणि पंक्चरचं सामान. मग फोन चालू ठेवण्याची सोय. त्यानंतर बॅगा. सायकल कॉम्प्युटर आणि सेन्सर सगळ्यात शेवटी.
- बॅटरीचं काहीही घेताना एमएएच नाही, वॅट-अवर बघा.
- लाइटचे लुमेन आणि तास एकत्र बघा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर बॉक्स थापा मारतोय.
- परदेशी गिअर लिस्टमधलं सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगू नका. ते बेकायदेशीर आहे.

बाइकपॅकिंग म्हणजे नक्की काय?

सायकलवर सामान लादून लांब जाणं नवीन नाही. पूर्वीपासून लोक मागे लोखंडी कॅरिअर लावून त्याच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर म्हणजे मोठ्या पिशव्या अडकवत आले आहेत. बाइकपॅकिंगमध्ये कॅरिअर नसतो. बॅगा थेट सायकलच्या फ्रेमला, हँडलबारला आणि सीटखाली पट्ट्यांनी आवळतात. सामान कमी, वजन कमी, सायकलची रुंदी वाढत नाही, त्यामुळे कच्च्या रस्त्यावर आणि पायवाटेवर ती सहज चालते. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेपर्यंत जाणाऱ्या 'टूर डिव्हाइड'सारख्या लांब, कच्च्या वाटांच्या स्पर्धांमुळे ही पद्धत जगभर पोहोचली.

आपल्याकडे बरेच जण दुसऱ्या वाटेने इकडे येतात: ब्रेव्हे. ऑडॅक्स इंडियाच्या या राइड स्पर्धा नसतात, पण वेळेची मर्यादा असते. २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० किमी २० तासांत, ४०० किमी २७ तासांत आणि ६०० किमी ४० तासांत. रात्री चालवायचं म्हणजे पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. पहिली मोठी खरेदी बहुतेकांची इथूनच सुरू होते, म्हणून आपणही लाइटपासून सुरुवात करू.

१. लाइट: लुमेन, लक्स आणि तास

लुमेन म्हणजे लाइटमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडलेला प्रकाश. ४०० लुमेनचा एक लाइट सगळा प्रकाश झाडांवर आणि समोरून येणाऱ्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उधळेल. ४०० लुमेनचाच दुसरा लाइट तो खाली रस्त्यावर टाकेल. खड्डा दुसऱ्या लाइटमध्येच दिसणार.

जर्मनीच्या वाहन नियमांप्रमाणे बनवलेल्या सायकल लाइटवर 'एसटीव्हीझेडओ' असं लिहिलेलं असतं. अशा लाइटचा झोत कारच्या डिपरसारखा वरून कापलेला असतो, म्हणून समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. दुपदरी, डिव्हायडर नसलेल्या आपल्या रस्त्यांवर हा मोठा फायदा आहे. डोळे दिपलेला ड्रायव्हर तुम्हाला बघू शकत नाही आणि रस्त्याची कडाही त्याला दिसत नाही.

आता खरी गंमत: तास. एलईडी लाइटसाठी ढोबळ हिशोब असा धरा की १०० लुमेनला साधारण १ वॅट लागतो. म्हणजे ८०० लुमेनला ८ वॅट. अशा लाइटमध्ये बऱ्याचदा एकच १८६५० सेल असतो. तो २,६०० एमएएचचा आणि ३.६ व्होल्टचा धरला, तर त्यात २.६ × ३.६ = साधारण ९.४ वॅट-अवर ऊर्जा बसते. ९.४ भागिले ८, म्हणजे फुल ब्राइटनेसवर तासभरापेक्षा थोडा जास्त वेळ. तोच लाइट २०० लुमेनवर ठेवला तर साडेचार तासांच्या आसपास चालेल.

म्हणून लाइट घेताना सगळ्यात वरचा मोड बघू नका. '२०० ते ३०० लुमेनवर किती तास?' हा प्रश्न विचारा. चढावर वेग ८-१० किमी प्रतितास असतो, तिथे एवढा प्रकाश भरपूर होतो. वरचा मोड फक्त उतारासाठी राखून ठेवायचा.

याच हिशोबाने खोटे दावेही पकडता येतात. मुठीत मावणाऱ्या लाइटवर '१,००० लुमेन, ६ तास' लिहिलं असेल तर १० वॅट × ६ तास = ६० वॅट-अवर लागतील. १०,००० एमएएचच्या अख्ख्या पॉवर बँकेतही एवढी ऊर्जा नसते. एक तर लुमेन खोटे आहेत, नाहीतर ते ६ तास सगळ्यात मंद मोडचे आहेत.

मागच्या लाइटसाठी दोन गोष्टी. एक, दोन लाइट लावा, कारण मागचा लाइट बंद पडला तर तुम्हाला कळतच नाही. दोन, त्यातला एक शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारा असू द्या. चार्जिंग संपलं तरी सेल माणगावच्या किराणा दुकानातही मिळतात. सीटखालची बॅग लटकून मागचा लाइट झाकत तर नाही ना, हे घरीच तपासा.

२. पॉवर बँक: एमएएच विसरा, वॅट-अवर बघा

१०,००० एमएएचची पॉवर बँक आणि ५,००० एमएएचचा फोन. म्हणजे दोन फुल चार्ज? नाही. कारण पॉवर बँकेच्या आतल्या सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ असतं आणि बाहेर यूएसबीतून ५ व्होल्ट किंवा जास्त द्यावे लागतात. व्होल्टेज वाढवलं की एमएएच कमी होतात आणि या बदलात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वायाही जाते.

हिशोब असा मांडा:

- पॉवर बँक: १०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट = ३७ वॅट-अवर.
- बाहेर मिळणारं: बॉक्सवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' दिलेली असते. ती ५ व्होल्टला ६,००० एमएएच असेल तर ३० वॅट-अवर.
- फोन चार्ज होतानाही थोडं वाया जातं. हातात राहतात साधारण २६ वॅट-अवर.
- फोनची बॅटरी: ५,००० एमएएच × ३.८५ व्होल्ट = साधारण १९ वॅट-अवर.

म्हणजे दोनदा नाही, १.३ ते १.४ वेळा. त्यातूनच लाइट, कॉम्प्युटर आणि इअरबडही चार्ज करायचे असतील तर वाटणी आणखी घटते.

आता तुमचा फोन तासाला किती खातो ते मोजा. एखाद्या रविवारच्या राइडला एक तास स्क्रीन चालू ठेवून नेव्हिगेशन लावा आणि किती टक्के उतरले ते लिहून ठेवा. पुढचा एक तास स्क्रीन बंद, फक्त रेकॉर्डिंग चालू. समजा पहिल्या तासात १२ टक्के आणि दुसऱ्या तासात ३ टक्के उतरले. दिवेआगरपर्यंत १० तास लागणार असतील तर पहिल्या पद्धतीने १२० टक्के लागतील, म्हणजे फोन वाटेतच बंद. दुसऱ्या पद्धतीने ३० टक्के. पॉवर बँक मोठी घेण्याआधी स्क्रीन बंद ठेवायची सवय लावणं फुकट पडतं.

घेताना आणखी तीन गोष्टी बघा:

- बीआयएस नोंदणी. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेवर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून खरा आहे का ते तपासता येतं.
- विमानप्रवास. लेहला किंवा ईशान्येला सायकल विमानाने नेणार असाल तर पॉवर बँक फक्त केबिन बॅगेतच नेता येते, सायकलच्या खोक्यात नाही. विमान कंपनीच्या खास परवानगीशिवाय मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. २७,००० एमएएच म्हणजे जेमतेम त्या रेषेच्या आत.
- पोर्ट. सगळं सामान यूएसबी-सीवर आणलं तर एकच केबल पुरते. जुना मायक्रो-यूएसबी लाइट असेल तर त्याची केबल विसरलात की तो लाइट म्हणजे नुसतं वजन.

डायनॅमो हब घ्यावा का? पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा हा छोटा जनरेटर. जुन्या सायकलीच्या टायरला घासणाऱ्या डायनॅमोचा हा शांत, सुधारलेला भाऊ. नेहमीचं मानक ६ व्होल्ट, ३ वॅट. लाइटला हे पुरतं. पण फोन चार्ज करायला वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि वेग साधारण १२-१५ किमीच्या खाली गेला की चार्जिंग नावापुरतंच उरतं. ताम्हिणीच्या चढावर तुम्ही ७-८ च्या वेगाने चढत असाल तर त्या तासात काहीच मिळणार नाही. आठवडे-महिने फिरणाऱ्यांसाठी डायनॅमो उत्तम, शनिवार-रविवारसाठी पॉवर बँक बरी.

३. रस्ता दाखवणार कोण? फोन की सायकल कॉम्प्युटर

पहिला गैरसमज दूर करू: जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, पाठवत काहीच नाही. एअरप्लेन मोडमध्येही तुमची जागा कळते. नेटवर्क नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. इंटरनेट लागतं ते नकाशासाठी.

म्हणून निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑस्मँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात आणि ऑफलाइन असतानाही सायकलसाठी रस्ता काढून देतात. फक्त ॲपने सुचवलेला शॉर्टकट डोळे झाकून घेऊ नका. नकाशावरची बारीक रेघ प्रत्यक्षात पावसात वाहून गेलेली बैलगाडीची वाट असू शकते.

ग्रुपवर रूट शेअर होतो तो बहुतेक वेळा 'जीपीएक्स' फाइल म्हणून. ही साधी टेक्स्ट फाइल असते, पण तिच्यात दोन प्रकार असतात. 'ट्रॅक' म्हणजे रस्त्यावरचे शेकडो बिंदू एकापाठोपाठ एक. 'रूट' म्हणजे फक्त महत्त्वाची वळणं, मधला रस्ता तुमचं यंत्र स्वतः ठरवतं. म्हणून एकच रूट फाइल दोघांच्या यंत्रांत वेगळ्या रस्त्याने जाऊ शकते. शेअर करताना ट्रॅकच पाठवा.

मग गार्मिन एज, वाहू एलिमेंट, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट असे वेगळे कॉम्प्युटर लोक का घेतात? तीन कारणं:

- स्क्रीन. यातल्या बऱ्याच मॉडेलची स्क्रीन उन्हाचाच प्रकाश परत फेकते. ऊन जितकं कडक तितकं स्पष्ट दिसतं आणि बॅकलाइट लागत नाही, म्हणून बॅटरी दिवसभर टिकते. फोनचं उलटं: उन्हात ब्राइटनेस वाढतो, बॅटरी उतरते, फोन तापतो.
- ऊन आणि हादरे. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेचं तापमान सांगितलं आहे. एप्रिलच्या दुपारी हँडलबारवर ते सहज ओलांडलं जातं. शिवाय मोटरसायकलच्या जोरदार हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नाही, पण कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास फोन हँडलवर ठेवायचा असेल तर हादरे शोषणारा माउंट घेतलेला बरा.
- बटणं. पावसात आणि घामेजलेल्या बोटांनी टचस्क्रीन हट्टीपणा करते. बटण दाबलं की दाबलं जातं.

चौथं कारण मी जास्त महत्त्वाचं मानतो: कॉम्प्युटर रस्ता दाखवत असेल तर फोन खिशात भरलेला राहतो आणि अडचणीच्या वेळी फोन करायला उपयोगी पडतो. पण हाच फायदा स्क्रीन बंद ठेवून, वळण आलं की आवाजाने सांगणारं ॲप वापरूनही बराचसा मिळतो. म्हणून कॉम्प्युटर यादीत शेवटी.

घेणारच असाल तर एक नक्की विचारा: यात खरा नकाशा आहे, की कोऱ्या पडद्यावर नुसती रेघ? स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा रेघच असते. रस्ता चुकलात तर ती 'चुकलात' एवढंच सांगते, परत कसं यायचं ते सांगत नाही.

घाटात जीपीएस का भरकटतो? उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो आणि यंत्राला तुम्ही दुसरीकडेच आहात असं वाटतं. 'ड्युअल बँड' यंत्रं एल१ आणि एल५ अशा दोन फ्रीक्वेन्सी ऐकतात, त्यामुळे ही चूक कमी होते. भारताचे नाविक उपग्रहही एल५ वापरतात. तुमचा अँड्रॉइड फोन कुठले उपग्रह पकडतो ते 'जीपीएसटेस्ट' या फुकट ॲपमध्ये दिसतं.

आणि एकाच राइडची चढाई प्रत्येकाच्या यंत्रात वेगळी का येते? कुणाचं यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजतं, कुणाचं फक्त उपग्रहांवरून. दाबावरची मोजणी साधारणपणे जास्त बारीक असते, पण वादळी हवेत दाब आपोआप बदलतो आणि तुम्ही टपरीवर चहा पीत असतानाही उंची बदलते.

४. सेन्सर: एएनटी प्लस की ब्लूटूथ?

वेग, पायडलची गती, हार्ट रेट, पॉवर यांचे सेन्सर दोन भाषांत बोलतात. एएनटी प्लस रेडिओसारखं असतं: सेन्सर बोलतो, ऐकणारे कितीही. ब्लूटूथ जास्त करून फोन कॉलसारखं: सेन्सर एका-दोघांशीच जोडला जातो. आयफोनमध्ये एएनटी प्लस नाही आणि आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही नाही. म्हणजे फोनवर बघायचं असेल तर सेन्सरला ब्लूटूथ हवंच. दोन्ही असलेला घेतला तर पुढे कॉम्प्युटर घेतला तरी तो चालेल.

ब्लूटूथ सेन्सर 'सापडत नाही' असं झालं तर आधी मित्राच्या फोनला किंवा तुमच्याच दुसऱ्या ॲपला जोडलेला नाही ना ते बघा. बऱ्याचदा बिघाड एवढाच असतो.

५. वॉटरप्रूफ म्हणजे किती? आयपी रेटिंग

आयपी६७ मधला पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपीएक्स७ मधला 'एक्स' म्हणजे शून्य नव्हे. धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

- ४: सगळीकडून उडणारं पाणी. साध्या पावसाला ठीक.
- ५ आणि ६: पाण्याचा जोरदार फवारा.
- ७: १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं.

इथे एक गोम आहे. ७ म्हणजे ६ पेक्षा चांगलं असं समजू नका. या वेगळ्या चाचण्या आहेत. स्थिर पाण्यात बुडून टिकलेली वस्तू फवाऱ्यात टिकेलच असं नाही. जुलैचा घाटातला पाऊस आणि ट्रकच्या चाकाने उडवलेलं पाणी हे फवाऱ्याच्या जवळचं आहे. शिवाय या चाचण्या नव्या वस्तूवर, गोड्या पाण्यात होतात. किनाऱ्यावर खारं वारं लागलं की रात्री ओल्या फडक्याने लाइट आणि पोर्ट पुसा, सुकू द्या आणि मगच चार्जिंगला लावा. ओल्या पोर्टमध्ये करंट सोडला की पिना गंजतात.

६. बॅगा: लिटर आणि जागा

बॅगेवर दोन आकडे असतात: लिटर आणि वजन. तिसरा आकडा तुम्ही मोजायचा: तुमच्या सायकलवरची मोकळी जागा. सीट आणि मागच्या टायरमधलं अंतर टेपने मोजा. उंची कमी असलेल्या रायडरच्या लहान फ्रेमवर हे अंतर इतकं कमी असतं की १४ लिटरची बॅग टायरला घासते. फ्रेम बॅग घेण्याआधी सायकल भिंतीला लावून बाजूने फोटो काढा आणि पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा. फ्रेम बॅग आली की पाण्याच्या बाटल्यांची जागा जाते, हेही लक्षात ठेवा.

कुठे काय भरायचं:

- फ्रेम बॅग: जड वस्तू. हत्यारं, पॉवर बँक, पाणी. वजन खाली आणि मध्ये राहिलं की सायकल डोलत नाही.
- सीटखाली: कपडे. जड सामान भरलं की उभं राहून पायडल मारताना शेपटीसारखी हलते.
- हँडलबार: हलकं आणि फुगीर, जसं स्लीपिंग बॅग. लाइटसमोर येत नाही ना ते बघा.

कापडावर पाणी थांबवणारा थर असला तरी शिवणीच्या भोकांतून पाणी शिरतं. शिवणी वेल्ड केलेल्या असतील आणि तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद होत असेल तरच ती बॅग पावसाळ्याची. नाहीतर आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, काम तेच होतं.

सायकलला कॅरिअर लावायची भोकं असतील आणि रस्ता डांबरी असेल तर कॅरिअर-पॅनिअर जुनाट म्हणून नाकारू नका. ऑर्टलीबच्या प्रसिद्ध मागच्या पॅनिअरची जोडी ४० लिटरची असते. बाइकपॅकिंग बॅगांत एवढी जागा तीन-चार बॅगा मिळून होते.

७. टायर, ट्यूब आणि व्हॉल्व्ह: गावात काय मिळेल?

टायरच्या बाजूला '३७-६२२' असा आकडा असतो. ३७ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६२२ म्हणजे टायर रिमला बसतो तिथला व्यास. नाव ७००सी असो की २९ इंच, दोन्ही ६२२ च. २७.५ इंच म्हणजे ५८४ आणि एमटीबीचं २६ इंच म्हणजे ५५९. नावांवर जाऊ नका, दुसरा आकडा जुळला पाहिजे.

व्हॉल्व्हचा प्रश्न जास्त खरा आहे. चांगल्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पाइप मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा असतो. मध्ये लावायला पितळेचा इवलासा अडॅप्टर मिळतो. अख्ख्या यादीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू असेल, दोन घेऊन ठेवा.

हलक्या टीपीयू ट्यूबची सध्या चलती आहे. वजनाला छान, पण त्याला नेहमीचं सोल्युशन आणि पॅच चिकटत नाही, खास पॅच लागतो. गावात तो मिळणार नाही. ट्यूबलेसमध्ये आतलं सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं. दर काही महिन्यांनी तपासा आणि ट्यूबलेस असलं तरी एक साधी ट्यूब बरोबर असू द्याच.

८. हेल्मेट

आतलं लेबल वाचा. युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी, यातलं एक असावं. 'मिप्स' म्हणजे आतला सरकणारा थर, तिरका आपटा बसला तर डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठी. असेल तर चांगलंच, पण मापाला न बसणाऱ्या मिप्स हेल्मेटपेक्षा नीट बसणारं साधं हेल्मेट बरं.

९. हे मागवू नका: सॅटेलाइट मेसेंजर

परदेशातल्या जवळपास प्रत्येक गिअर लिस्टमध्ये गार्मिन इनरीच किंवा तत्सम यंत्र असतं. नेटवर्क नसलेल्या ठिकाणाहून ते उपग्रहामार्फत मेसेज आणि एसओएस पाठवतं. 'अमेरिकेतल्या दादाला येताना आणायला सांगतो' असा विचार मनात येणं साहजिक आहे. पण भारतात असं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं आणि वापरणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या विमानतळावर इनरीच सापडल्यामुळे परदेशी प्रवाशावर पोलीस कारवाई झाली होती. दादाला अडचणीत आणू नका. साधे सायकल कॉम्प्युटर आणि साधी जीपीएस घड्याळं उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतात.

त्याऐवजी हे करा: फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. घरी रूटची फाइल आणि पोहोचायची वेळ देऊन ठेवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त ८ तास चालतं, त्यामुळे लांब राइडला मध्ये पुन्हा सुरू करावं लागतं. आणि आईला आधीच सांगा की ताम्हिणीत एक-दोन तास फोन लागणार नाही, पण अमुक वाजेपर्यंत लागला नाही तर कुणाला फोन करायचा. हे ठरवायला पैसे लागत नाहीत. कुठेही मदत हवी असेल तर क्रमांक ११२.

१०. सेकंड हँड घेताना

ग्रुपवर कुणीतरी नवीन घेतं तेव्हा कुणाचं तरी जुनं विकायला निघतं. बॅगा, कॅरिअर, माउंट बिनधास्त घ्या. लाइट घेताना तुम्ही वापरणार त्या मोडवर पूर्ण चार्ज संपेपर्यंत चालवून बघा. कॉम्प्युटर आधीच्या मालकाच्या अकाउंटमधून काढून रीसेट करायला सांगा आणि कंपनी त्या मॉडेलला अजून अपडेट देते का ते बघा. पॉवर बँक फुगलेली वाटली तर हातही लावू नका. हेल्मेट मात्र कधीच जुनं घेऊ नका. आतल्या फोमला आधी मार बसलाय का ते बाहेरून दिसत नाही.

ऑर्डर देण्याआधी पाच प्रश्न

१. ही वस्तू बंद पडली तर मी अडकेन का? उत्तर 'हो' असेल तर पैसे इथे आधी घाला.
२. बॉक्सवरचा आकडा कुठल्या मोडचा, कुठल्या व्होल्टेजचा?
३. हिची केबल, सेल किंवा ट्यूब तालुक्याच्या गावात मिळेल का?
४. माझ्या सायकलवर ती बसते का? मोजून बघितलं का?
५. पहिल्या मोठ्या राइडआधी एक रात्र आणि एक पाऊस यात ती वापरून बघायला वेळ आहे का? नसेल तर या वेळी जुन्याच सामानावर जा.